फायलीतलं पिवळं पान

आमच्या विभागात एक पिवळं पान होतं. होतं कशाला, आजही आहे. अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांनी लिहिलेल्या पुस्तकाचं ते शेवटचं पान. त्यावर विद्यार्थ्याचं नाव, हजेरी क्रमांक आणि सहीसाठी चौकट. सत्र संपताना मुलांनी ते पुस्तकातून फाडायचं आणि प्रकल्पाच्या फायलीत पहिल्याच पानामागं चिकटवायचं. पान असेल तर फायलीवर शिक्षकाची सही, आणि सही असेल तर चांगले अंतर्गत गुण. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. मी नवी होते तेव्हा शिपायानं मला पाण्याचा माठ कुठं आहे ते दाखवलं आणि त्याच दमात हेही सांगितलं.

या पानामुळं जुनं पुस्तक मरतं. थोरल्या बहिणीचं धाकटीला चालत नाही, ग्रंथालयातलं चालत नाही, तिघींनी मिळून एक घेतलेलं चालत नाही. पान एकच असतं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला मी मनातल्या मनात दाद द्यायची आणि शिव्याही घालायची. बरं, पुस्तक तरी धड असावं! उदाहरणं जहाजांच्या भाड्याची आणि परदेशी मोटारींची, वाक्यं अशी की मला स्वतःला दोनदा वाचावी लागत. पोरं विकत घ्यायची, पान फाडायची आणि उरलेलं रद्दीत द्यायची.

मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचं मानधन, तेही येईल तेव्हा, आणि दर जूनला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. घर तुळजापुरात. वडील शाळामास्तर होते. स्वतः काढलेल्या टिपणांच्या वह्या ते मागेल त्याला देऊन टाकायचे आणि आई चिडायची. ती खोड माझ्यात उतरली. एका उन्हाळ्यात मी ठरवलं, विभागप्रमुखांचं पुस्तक ज्या पेपरला आहे त्याच, तिसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या पेपरचं पुस्तक आपणच लिहायचं. सोप्या मराठीत, इथल्या आकड्यांवर, आणि फुकट. ज्याला हवं त्यानं मोबाइलवर उतरवून घ्यावं.

मदतीला बेंबळीची एक मुलगी आली. तिसऱ्या वर्षात जाणारी, रोज एसटीनं येणारी, बोलायला फटकळ. तिला पुढं एम. ए. करायचं होतं, सोलापूरला राहून. प्रथम श्रेणी आणलीस तर पाठवू, असं घरच्यांनी कबूल केलं होतं, आणि ती हे येता-जाता सगळ्यांना सांगायची. ईट गावाकडच्या ज्वारीच्या एकरी उताऱ्याचे आकडे मी जमवले. सरासरीच्या धड्यासाठी तिनं आपल्या गावच्या आठ आठवडी बाजारांतले कांद्याचे भाव टिपून आणले. तक्त्यात सातव्या ओळीत भाव नव्हता. तिथं तिनं लिहिलं होतं, 'बाजार भरला नाही'.

"ही ओळ काढून टाकू," मी म्हटलं.

"का बरं मॅडम? त्या दिवशी गावात मयत झाली होती, बाजार भरलाच न्हाय. भाव न्हाय म्हणजे शून्य न्हाय. पोरं तिथंच चुकत्यात, आठानं भागत्यात."

मी ओळ ठेवली. तो धडा त्या एका ओळीवरच उभा राहिला, आणि इतकी वर्षं शिकवून ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याची थोडी लाजही वाटली.

मोफत पुस्तकांच्या एका संकेतस्थळावर पुस्तक चढवताना प्रश्न आला, दुसऱ्यांना वापराची मुभा कितपत द्यायची? लेखकाचं नाव द्यायलाच हवं अशी एक मुभा होती. विकायचं नाही अशी एक होती. आणि सगळ्यात शेवटी, कुणीही, कशासाठीही, नाव न देतासुद्धा वापरावं, अशी. मी शेवटची निवडली. कशासाठी? मोठेपणासाठी, दुसरं काही नाही. ज्ञानाला अटी घालू नयेत असं मी दहा ठिकाणी बोलले होते, मग आता अट कशी घालणार?

मुलगी शेजारीच बसली होती. म्हणाली, "विकू नये, एवढं तरी लिवा की मॅडम."

मी हसले. "फुकट मिळणारं कोण विकत घेईल गं?"

पहिलं सत्र फार चांगलं गेलं. पोरं एसटीत मोबाइलवर धडे वाचायची. ज्यांच्याकडं मोबाइल नव्हता ती झेरॉक्स काढून टाचण्या मारून आणायची. मी पिवळ्या पानाशिवाय सगळ्यांच्या फायलींवर सह्या केल्या आणि विभागप्रमुखांनी एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, आपण जिंकलो. दोन महिने मी मान ताठ करून फिरले.

दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्रात, विभागप्रमुख सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. जहाजं गेली होती, मोटारीही गेल्या होत्या. आत माझं पुस्तक होतं, पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत. बेंबळीच्या जागी 'एक गाव' केलं होतं. मुखपृष्ठावर सरांचं नाव, आणि शेवटी पिवळं पान. हे मला त्या मुलीनंच दाखवलं. चौथा धडा उघडून तिनं सातव्या ओळीवर बोट ठेवलं. बाजार भरला नाही.

मी तरातरा सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चहा मागवला.

"चोरी कसली मॅडम? तुम्हीच लिहिलंय की, कुणीही वापरा, नाव पण देऊ नका. मी नीट वाचूनच छापलंय. उलट पोरांना चांगलं पुस्तक मिळालं. तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे."

शिपायानं चहा आणून ठेवला. मग त्याच आवाजात ते म्हणाले, "आणि ती मोबाइलवरची फाईल काढून टाका. दोन-दोन पुस्तकं असली की पोरं गोंधळतात. जूनमध्ये तुमची मुलाखत आहे ना? मी आहे समितीत."

चहा चांगला होता आणि मी तो पूर्ण प्याले. याचा मला आजही संताप येतो. त्याच दिवशी दुपारी मी फाईल काढून टाकली. ज्यांनी आधी उतरवून घेतली होती त्यांच्याकडं राहिली, पुढच्या मुलांना ती दिसणार नव्हती.

दुसरं सत्र संपताना फायली तपासायचा दिवस आला. माझ्या टेबलासमोर रांग लागली होती. बेंबळीची मुलगी आली, फाईल ठेवली. अक्षर सुरेख, प्रकल्प वर्गात सगळ्यात चांगला. पहिल्या पानामागं काही नव्हतं.

"पान?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"मीच गोळा केलेले भाव मीच इकत घेऊ व्हय मॅडम?"

मी हळू आवाजात म्हटलं, "वर्ष वाया घालवू नकोस. पुस्तकाचे पैसे मी देते."

"पैशाचं न्हाय ओ. तुमी सही करा. हे कुणाचं हाय ते तुमाला ठावं हाय. दुसऱ्या कुणाला ठावं नसलं तरी तुमाला हाय."

पेन माझ्या हातात होतं. टोपणही काढलेलं होतं. नुसतं खाली टेकवायचं होतं. शेजारच्या टेबलावर सर दुसऱ्या वर्गाच्या फायली बघत होते आणि त्यांनी मान वर केली नव्हती, पण त्यांचं पानं उलटणं थांबलं होतं. मी तिची फाईल बाजूला सरकवली आणि म्हणाले, "पुढचा."

तिनं फाईल उचलली नाही. तशीच टेबलावर ठेवून गेली. सही नसल्यामुळं तिला पास होण्यापुरतेच अंतर्गत गुण पडले. प्रथम श्रेणी थोडक्यात हुकली. सोलापूरचं राहिलं. गावातल्याच एका दुकानात ती बिलं करायला लागली, असं तिच्या मैत्रिणींकडून कळलं. बेंबळीला जाऊन तिच्या घरच्यांना खरं काय ते सांगावं, असं मी कितीदा तरी ठरवलं. तासाभराचीसुद्धा वाट नाही. मी गेले नाही. गेले असते तर काय सांगणार होते?

जूनच्या मुलाखतीत सर समितीला म्हणाले, "मॅडम सहकार्य करतात." माझी नेमणूक झाली. तासिका तत्त्वावरच.

यंदा तिची धाकटी बहीण तिसऱ्या वर्षात आली आहे. नाकडोळे तेच, बोलणं मात्र बेताचं. सत्र सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता तेव्हा ती फाईल घेऊन माझ्या टेबलाशी आली. फाईल कोरी होती. प्रकल्पाचा विषयही ठरलेला नव्हता. पण पहिल्या पानामागं पिवळं पान चिकटवलेलं होतं, चारही कडा नीट दाबून.

"अगं, हे सत्राच्या शेवटी लावायचं असतं," मी म्हटलं. "अजून एक ओळ लिहिली नाहीस."

"ताईनं सांगितलंय मॅडम," ती अगदी सरळपणे म्हणाली. "बाकीचं मागनं लिव, पान आदी लाव. मॅडम तेवढंच बघत्यात."

तिनं सहीच्या चौकटीवर बोट ठेवलं. मी सही केली.