पूर्णविरामानंतर दोनदा

भंगाराच्या गाड्यावर जुना टाइपरायटर दिसला, रिबिनीच्या शाईचा वास आला, आणि मिरजेतला मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आठवला. मुलीचे वडील टायपिंगचा क्लास चालवायचे. पोह्यांची बशी पुढं करत त्यांनी विचारलं, "पूर्णविरामानंतर स्पेस किती वेळा देता?" कॉम्प्युटर शिकलेला मी ऐटीत म्हणालो, "एकदा." बशी थबकली. "टाइपरायटरवर सगळ्या अक्षरांना सारखीच जागा. दुसरी स्पेस न्हाई दिली तर वाक्य संपलेलं दिसंल व्हय?" मुलगी मला आवडली होती, आणि मी एका स्पेसपायी तिला घालवून बसलो होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "आवं अण्णा, कॉम्प्युटर अक्षराच्या मापानं जागा सोडतो. त्याला एक पुरते." अण्णा हसले. "म्हंजे तुझं ठरलंय तर!" माझा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांच्या धाकानं मी अजून दोनदाच स्पेस देतो. बायको मुकाट्यानं एक खोडते.