दाजींची फुंकणी

आमच्या दाजींना कुठलीही गोष्ट सुरू करता यायची. बंद करणं मात्र त्यांच्या स्वभावातच नव्हतं. गप्पा असोत, भांडण असो, नाहीतर परसात काढलेलं न्हाणीघराचं बांधकाम असो, सुरुवात धडाक्यात आणि शेवट देवाच्या हवाली. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "सुरू करायला अक्कल लागतंय रे. थांबायला काय, पेट्रोल संपलं की थांबतंय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जुन्या हुबळीत त्यांचं गॅरेज होतं. घराणं मिरचीच्या व्यापाऱ्यांचं, आणि त्यांचे थोरले भाऊ अमरगोळच्या मार्केट यार्डात पेढी सांभाळायचे. दाजींना मिरचीच्या वासानं शिंका यायच्या आणि पेट्रोलच्या वासानं भूक लागायची. त्यांना पेढीवर बसवायचे सगळे प्रयत्न फुकट गेले होते.

गावाबाहेर एका सरळ रस्त्यावर दरवर्षी गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि झेंडा पडला की नाकासमोर सुसाट सुटायचं. श्रीमंतांची पोरं गाडीला परदेशी सामान लावून यायची. दाजींनी भावाच्या मिरची साफ करायच्या यंत्राचा पंखा "दोन दिवसात परत देतो" म्हणून उचलून आणला. त्याला जुन्या स्कूटरचं इंजिन जोडून तो आपल्या खटारा गाडीच्या डिकीत बसवला आणि तिथून टपावरून पुढच्या इंजिनापर्यंत पत्र्याचं जाडजूड नळकांडं नेलं. चुलीत फुंकर घातली की जाळ होतो, तशी इंजिनात घालायची. म्हणून ही फुंकणी. पहिल्याच चाचणीला नळकांडं निसटलं आणि समोरच्या काकूंचे वाळत घातलेले पापड मागच्या गल्लीत जाऊन पडले.

अक्का या प्रकाराला कंटाळली होती. तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा हरलात तर हा पंखा थोरल्या भावजींना परत जाणार आणि तुम्ही पेढीवर बसणार. गॅरेज बंद." त्या रात्री दाजी नीट जेवलेही नाहीत.

फुंकणी थांबवायची कशी, असं मीच विचारलं होतं. दाजींनी जरा विचार केला आणि अक्काची कपडे वाळत घालायची दोरी डिकीतल्या बटणाला बांधून माझ्या हातात दिली. मी धारवाडला मास्तर, पोरं गप्प बसवायचा अनुभव दांडगा. "मास्तर, मी 'वढा' म्हटलं की वढायचं," एवढंच माझं शिक्षण झालं. अक्कानंही मला बाजूला घेऊन बजावलं, "तू शेजारी बस. तू असलास की ते हळू जातात."

झेंडा पडला. "नडी अण्णा, नडी!" म्हणून लोक कानडीत 'चल, चल' ओरडले आणि आम्ही खरोखरच निघालो. दाजींनी सगळं केलं होतं, फक्त पंखा धुतला नव्हता. त्यात वर्षानुवर्षांची ब्याडगी मिरची बसलेली होती. नळकांड्याच्या फटींतून ती गाडीत उधळली. आम्ही शिंकतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि शेजारची गाडी मागे पडत चालली आहे. शेवटची रेघ आम्ही आधी ओलांडली. "मास्तर, वढा!" दाजी ओरडले. त्याच क्षणी मला अशी जबर शिंक आली की दोरी तुटून माझ्या हातात राहिली. दाजी ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले होते, पण फुंकणी कुणाचं ऐकते? गाडी रस्ता सोडून कडब्याच्या गंजीत घुसली तेव्हाच थांबली. फुंकणी तरीही चालूच होती. पंचांच्या अंगावर बराच वेळ कडबा पडत राहिला.

रस्त्यावर न थांबलेली गाडी बाद, असा निकाल झाला. दाजी गंजीतून बाहेर आले आणि मान खाली घालून म्हणाले, "पेढीवर कधीपासनं बसू?" धावत आलेली अक्का त्यांच्या केसांतला कडबा काढत होती. मला वाटलं आता बरसणार. पण तिनं आधी त्यांचे हातपाय चाचपून पाहिले. ती म्हणाली, "काय नको पेढीबिढी. आधी थांबायचं शिका, मग पुढच्या वर्षी या."

दाजींनी मग फुंकणीला एक लाल दांडा बसवला. तो खाली ओढला की सगळं जागच्या जागी गप्प. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवायचे. त्यांनी पूर्ण केलेली एवढी एकच गोष्ट मला आठवते.

गेल्या वर्षी दाजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. इतक्या निमूटपणे त्यांनी दुसरं काहीच संपवलं नव्हतं. मला त्यांचा रागच आला.

पुढे अक्कानं पंखा भावजींना परत द्यायचं ठरवलं. अमरगोळला आम्ही तो दाजींनी जोडलेल्या इंजिनासकट उतरवला. भावजींनी सहज सुरू करून पाहिला आणि पुढ्यातली मिरची भिंतीपलीकडं उडाली. हमाल शिंकत पळाले. भावजी डोळे चोळत ओरडले, "अहो मास्तर, बंद करा ते!" लाल दांडा माझ्या हाताशीच होता. मी तो धरला.

अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

"नको रे," ती म्हणाली. "जरा वेळ चालू दे."