आधी चष्मा, मग चक्कर

आमच्या आत्याच्या यजमानांइतक्या वेळा चक्कर येऊन पडलेला धडधाकट माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. ते त्यांचं कामच होतं. साथ आली किंवा उष्माघाताचे रुग्ण वाढले तर गावोगावची आरोग्य केंद्रं खरोखर तयार आहेत का, हे तपासायला निवृत्तीनंतर त्यांना नेमलं होतं. बाकीचे तपासनीस फायली चाळत, चहा घेत आणि निघत. काका न कळवता जात, व्हरांड्यात पोचले की सावकाश कोसळत आणि डोळे मिटून ऐकत राहत: कोण धावतं, कोण नुसतं ओरडतं आणि कपाटाची चावी कुणाकडे आहे. चावीवर त्यांचा विशेष राग. वैजापूरकडच्या एका केंद्रात सलाइनच्या कपाटाची चावी कंपाउंडरच्या खिशात होती आणि कंपाउंडर मेहुणीच्या लग्नात. "साथ काय मुहूर्त बघून येणारंय का?" काका पडल्या जागेवरूनच म्हणाले. नर्सबाई खऱ्या घाबरल्या त्या तेव्हा.

घरीही तेच. दुष्काळ होता, शहर मात्र बायपास ओलांडून वाढतच होतं, आणि पाणी कधी येणार हे नळालाही ठाऊक नसायचं. एका सकाळी काकांनी टाकीची तोटी बंद करून जाहीर केलं, "टँकर आलेला नाही, असं समजा." आत्या कणीक मळता मळता म्हणाली, "समजायचं कशाला? आलाच नाहीये." तिला त्यांनी पैकीच्या पैकी दिले.

अहवाल इंग्रजीत लागायचा आणि मी इंग्रजी शाळेतली, म्हणून त्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत फिरले. अनोळखी माणसांत बोलणं मला जड जातं. कोपऱ्यात उभं राहून बघणं जमतं. त्यामुळे मला एक गोष्ट कळली होती. पडण्याआधी काका चष्मा काढून खिशात ठेवत.

बिडकीनच्या अलीकडच्या एका केंद्रात आम्ही भर दुपारी पोचलो. कामगारांच्या नव्या वस्त्या टँकरच्या पाण्यावर होत्या आणि जुलाबाच्या रुग्णांची रांग बाहेरपर्यंत आली होती. काका पायरीवरच कोसळले. त्यांची कीर्ती तोवर सगळीकडे पोचली होती. "आले बरं का परीक्षेवाले साहेब," नर्सबाई हसत म्हणाल्या, आणि शाळेच्या संमेलनासारखी धावपळ झाली. स्ट्रेचर आलं, ओली चादर आली, बर्फ आला. चावी तर कपाटालाच लटकत होती. सगळे हसत होते आणि सगळे काम करत होते. चष्मा पायरीखाली पडला होता, एक काच फुटून.

तो उचलून मी डॉक्टरांपुढे धरला. "हे खरं आहे," एवढंच मी म्हणाले, तेही जेमतेम ऐकू जाईल असं. त्यांनी चष्म्याकडे पाहिलं, मग काकांच्या कोरड्या, लालबुंद चेहऱ्याकडे. हसणं थांबलं. हात थांबले नाहीत.

संध्याकाळी काका उठून बसले, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, आता तरी पैकीच्या पैकी द्या की."

"नाही. तुम्ही मला ओळखलं. माझ्या जागी टँकरवाला पडला असता तर?"

बाईंनी जरा विचार केला. "त्यालाबी उचललं असतं. हसलो नसतो, येवढंच."

परतीच्या वाटेवर मार्कांचा रकाना काकांनी कोराच ठेवायला सांगितला.

आता त्यांना उन्हात पडायची मनाई आहे, आणि तसंही सगळे त्यांना ओळखतात. म्हणून मी पडते. "तुझा चेहरा कुणाच्या लक्षातच राहत नाही," ते कौतुकानं म्हणतात, "या कामाला अशी देणगी लागते." परवा शेंद्र्याकडच्या एका केंद्रात मी फरशीवर पडले होते. डोळे मिटले की पहिलं पाऊल वाजेपर्यंतचा वेळ किती लांबतो, ते तिथं कळतं. इतकी वर्षं काका या वेळात एकटे पडून होते. मग पावलं वाजली आणि कुणाचा तरी ओला हात कपाळावर आला.

बाहेर आले तर काका कडुलिंबाखाली उभे होते. चष्मा काढून खिशात ठेवलेला. त्याच्याशिवाय त्यांना समोरचं फाटकही दिसत नाही. तेही नुसते ऐकत होते.