गोंडपिपरीला दहा मिनिटं

चंद्रपूरच्या स्टँडवरून सकाळची आष्टीची गाडी सुटली तेव्हा खिडकीशी मयूरी, मध्ये मी आणि कडेला तिची आई सुनीता. मयूरी दहा वर्षांची, स्वमग्न, अशा मुलांच्या माझ्या छोट्या वर्गातली. आष्टीपुढच्या गावी तिच्या मोठ्या बाबांकडे (वडिलांच्या थोरल्या भावाकडे) आम्ही निघालो होतो. उन्हाळ्यात सारं गाव मिळून करतं ती तलावाची मासेमारी होती. गेल्या उन्हाळ्यात जाळं ओढतानाचा गलका ऐकून मयूरी किंचाळत सुटली, आणि मोठे बाबा म्हणाले होते, "पोरीले पुन्हा तलावावर आणू नोको."

"यावेळी बी तसंच झालं तर मी तिले घरीच ठेवीन, बाई," सुनीता म्हणाली. "गावी आणणारच नाई."

बल्लारपूर सोडल्यावर कोंबडा घेतलेल्या एका भाऊंसाठी ड्रायव्हरनं मध्येच गाडी थांबवली. मयूरी ताडकन उभी राहिली. "इथी स्टॉप नाई."

"बसू दे ना वो माय," भाऊ म्हणाले.

"इथी स्टॉप नाई."

"चेकिंगवाल्या मॅडम आहेत भाऊ," कंडक्टर म्हणाला. "कोंबड्याचं बी तिकीट काढा."

गाडी हसली, मीही हसले. सुनीतानं मान खाली घातली, तसं मी घाईनं तोंड पुसलं.

हे तोंड पुसणं माझं नेहमीचं. लोक म्हणतात, तुम्ही फार पुण्याचं काम करता. मी गप्प राहते, कारण खरं सांगायचं तर मला मजा येते. वर्गातला एक मुलगा माझ्या चपला सरळ लावल्याशिवाय शिकायला बसत नाही, म्हणून मी त्या मुद्दाम वाकड्या काढते. ज्या घरांत धड झोप नाही, त्यांच्या लेकरांबरोबर मी दिवसभर हसते, ही टोचणी मात्र जात नाही. आईबापांसमोर मी चेहरा गंभीर ठेवते.

गोंडपिपरीला कंडक्टर ओरडला, "गाडी दहा मिनिटं थांबंल." मयूरीनं ते त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणून पाहिलं. आम्ही आलूबोंडे (बटाटेवडे) घेतले. तिनं वरचं कवच खाल्लं, आतली भाजी माझ्या हातावर ठेवली.

पुढे वैनगंगेचा पूल, मग ऑटो, मग तलाव. पाणी कमरेइतकं उरलं होतं. जाळं ओढणं सुरू होण्याआधीच मी मयूरीला लांब मोहाच्या झाडाखाली नेलं. गलका ओसरल्यावर ती आपणहून खाली गेली. काठावर माशांचे वाटे मांडले होते, घरटी एक. तिनं प्रत्येक वाट्यातल्या माशांची तोंडं एका दिशेला करायला घेतली. मोठे बाबा कपाळाला आठ्या घालून बघत राहिले.

इथली रीत अशी, की एकानं वाट्यावर काठी ठेवायची आणि पाठ करून बसलेल्यानं घराचं नाव घ्यायचं. नाव घ्यायचं काम गावातल्या वाघूआजोबांचं.

"आबाजी खोकला ऐकून नाव घेते," एक बाई आजोबांकडे बोट दाखवून म्हणाली. "ज्याचा खोकला, त्याचा मोठा वाटा."

"मंग बसवा त्या पोरीले," आजोबा रागावून म्हणाले.

मयूरीला पाठ करून बसवलं. काठी माझ्या हाती आली. मी विचारलं, "हा कोणाचा?"

"बल्लारपूर," मयूरी म्हणाली.

तो आमच्या सकाळच्या गाडीचा पहिला थांबा. मग आजोबाच हसले. "चालते. घराघरानं एकेक स्टॉप घ्या. बाईले सांगू नोका."

मी पाठ फिरवली, घरांनी कुजबुजत थांबे वाटून घेतले. पुन्हा काठी फिरू लागली. बल्लारपूर. बामणी. कोठारी. "गोंडपिपरी," मयूरी म्हणाली, आणि घोगऱ्या आवाजात पुढे, "गाडी दहा मिनिटं थांबंल."

मग ती बोलेचना. मासे उन्हात, घरं ताटकळत. मी सुनीताकडे पाहिलं. ती मोठ्या बाबांकडे बघत होती.

मोठ्या बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि झाडाखाली बसले. "थांबली तं थांबली. च्या तरी ठेवा कोणी."

सुनीता तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला बसावं लागलं. चहा झाल्यावर मयूरी म्हणाली, "आष्टी." तो वाटा मोठ्या बाबांचा निघाला.

निघताना ते सुनीताला म्हणाले, "पुढच्या साली लवकर आण. वाटे हिच्याशिवाय नाई."

परतीच्या गाडीत शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, "लय कठीण काम असंल न बाई तुमचं?"

या वेळी मी गप्प बसले नाही. "कठीण आहे," मी म्हणाले, "पण मला मजा येते." आणि चोरट्यासारखी सुनीताकडे वळले.

"मले माहीत आहे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पहिल्या दिवशी दारातून पाह्यलं होतं. तुम्ही दोघी हसून राह्यल्या होत्या. म्हणून तं ठेवली तिले तुमच्याकडं."