पास्टरबाईंचा पहिला प्रश्न

आमच्या वडवणीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या पास्टरबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की आवाज पार बस स्टँडपर्यंत जायचा. माझ्या तोंडून मंडळीत साधं ‘आमेन’सुद्धा मोठ्यानं निघत नसे. शेवटच्या रांगेत बसून मनात यायचं, देवानं सगळा आवाज एकीलाच का द्यावा?

माझी लेक एस्तेर नर्सिंग अर्धवट सोडून घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. पण पास्टरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून घसा फोडून प्रार्थना केली आणि म्हणाल्या, “विश्वास ठेवा मावशी, गोळ्या कशाला?” आम्ही गोळ्या थांबवल्या, उपास धरले. एके दिवशी पोरगी म्हणाली, “आई, मला जगू वाटंना.”

त्याच सुमारास पास्टर लोकांना आणि त्यांच्या बायकांना मनाच्या आजारांविषयी शिकवायला बीडला बोलावलं होतं. तिथून बाई थेट आमच्या दारात आल्या. “मावशी, मी चुकीचं सांगितलं. गोळ्या चालू करायच्या. उद्या दवाखान्यात मी बी येते.” मग एस्तेरपाशी बसल्या. डोक्यावर हात नाही की प्रार्थना नाही. “जेवलीस का, बाई?” एवढंच विचारलं आणि गप्प राहिल्या.

“ट्रेनिंगला गेल्या अन् आवाज तिकडंच इसरून आल्या,” आमचे हे म्हणाले.

त्या येत राहिल्या, गप्प बसत राहिल्या. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर पडद्याआड एस्तेर बोलत होती. माझ्याशी नाही, त्यांच्याशी. नऊ महिने पोटात मी वागवलेली!

बाई निघाल्या तसं मी त्यांना रस्त्यावर गाठलं. “काय म्हणली?”

“ते तिचं हाय, मावशी. मला न्हाई देता येत.”

“आई हाय मी तिची!”

“म्हणून तर घाई करू नका.”

पुढच्या खेपेला मी त्यांच्या चहात साखरच घातली नाही. बाईंनी कप रिकामा केला. “लई चांगला झाला.” माझा आणखीच जळफळाट झाला.

एस्तेर मंडळीत येऊ लागली. बरं झालेल्यानं उभं राहून देवानं कसं बरं केलं त्याची साक्ष द्यायची, ही आमची रीत. सगळे तिच्याकडे बघू लागले. मलाही वाटत होतं, चारचौघांत ती माझं नाव घेईल. बाई हळू आवाजात म्हणाल्या, “तिच्या मनात आलं तर देईल. कुणी मागायची न्हाई.” ते शेवटच्या रांगेतही ऐकू आलं.

मग त्यांची गेवराईला बदली झाली. निरोपाला एस्तेर त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी शेंगदाण्याची चटणी हातात धरून बाजूला उभी.

“आता तुमी बसा तिच्यापाशी,” बाई मला म्हणाल्या.

“मला बोलता येत न्हाई.”

“बोलायचं कुठं हाय?”

पावसाळ्यात एस्तेरनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मी जवळ जाऊन बसले. घशात ढीगभर प्रश्न होते, बाहेर आला तो एकच. “जेवलीस का, बाई?”

ती माझ्याकडे वळली. “अगदी बाईंवानी इचारलंस.” एवढ्या सुखातही ते मला टोचलंच. पण ती बोलू लागली.

परवा बाईंचा फोन आला. “बोलते का तुमच्याशी?”

“बोलते.”

काय बोलते, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं, तरी मी सांगितलं नसतं.