बारा रिकाम्या डब्यांचा प्रवास

पुण्याहून पहाटे निघालेली गाडी कोल्हापूरला पोहोचली, तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी, बर्फाची एक पेटी आणि रुंद तोंडाचे, घट्ट झाकणाचे बारा पांढरे डबे होते. डबे दोरीत ओवलेले असल्यामुळे मी चालू लागलो की एकमेकांवर आपटत आणि मी थांबलो तरी थोडा वेळ वाजत राहत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली ज्याने बत्तीस वर्षे काढली, त्याला आपल्या आगमनाची एवढी वर्दी सोसवत नाही. मी शक्य तितक्या हळू चालत मध्यवर्ती बसस्थानक गाठले आणि बिद्रीकडे जाणाऱ्या गाडीत शिरलो.

“काय पावणं, दूध न्यायला आलाय व्हय?” वाहकाने विचारले.

मी नुसता हसलो. ‘नाही’ म्हटले असते, तर ‘मग काय?’ हा प्रश्न आला असता.

“मागं ठेवा डबं. सांडलं तर गाडी आठ दिस वास मारती.”

मी मान हलवली. अशा रीतीने या जिल्ह्यातले माझे पहिले असत्य एकही शब्द न उच्चारता बोलून झाले.

डब्यांचे खरे प्रयोजन वाचकांना मात्र सांगितले पाहिजे. निवृत्तीनंतर मी सार्वजनिक आरोग्याच्या पदविकेला नाव घातले. वर्गात मला सगळे ‘सर’ म्हणत आणि माझ्या वहीतून उतरवून घेत. पदविका मिळाली आणि एका अभ्यासात मला कामही मिळाले. आपल्या मिठातले काही सोडियम काढून त्याच्या जागी पोटॅशियम घातले, तर रक्तदाब उतरतो आणि पक्षाघाताचा धोका कमी होतो, असे अलीकडे चीनमधल्या खेड्यांत दिसून आले आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना असे मीठ चालत नाही, हेही त्याबरोबर सांगायला हवे. ते आपल्याकडे आणण्यापूर्वी आपली माणसे आज मीठ किती खातात, हे मोजावे लागते. विचारून ते कळत नाही, कारण आपण मीठ कमीच खातो असे प्रत्येकाला मनापासून वाटते. खात्रीचा मार्ग एकच आहे. माणसाचे चोवीस तासांचे मूत्र एका डब्यात साठवायचे आणि तपासायचे.

हे वाक्य लिहिताना मला त्रास होत नाही. पण बोलायचे म्हटले की आवाज कुजबुजीवर येतो.

आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. निघताना त्यांनी स्पष्ट सांगितले होते, “काका, शुक्रवारी दुपारपर्यंत किमान दहा पूर्ण नमुने हवेत. नऊ आले, तर ते गाव अभ्यासातून गळेल. आणि मग तुम्ही कार्यालयात तक्ते भरलेलेच बरे.” तक्ते भरण्यात कमीपणा नाही; पण खोलीबाहेरचे काहीतरी करून पाहावे, अशी इच्छा मला फार उशिरा झाली होती आणि ती पहिल्याच गावात संपावी असे वाटत नव्हते.

गळिताचा हंगाम होता. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या आणि हवेत उकळत्या रसाचा व मळीचा गोडसर, जड वास होता. फाट्यावर आमच्या अभ्यासाला मदत करणाऱ्या गावच्या ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविका सुनंदा कांबळे उभ्याच होत्या. त्यांनी सहा डबे माझ्या हातून घेतले आणि घरी नेऊन आधी जेवायला वाढले. भिंतीवरच्या बुद्धाच्या शांत तसबिरीखाली बसून मी ज्वारीची भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावर रगडून केलेले तोंडीलावणे) खाल्ला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

“तिकट लागलं व्हय?” सुनंदाताई म्हणाल्या. “न्हाई म्हणू नका, दिसतंय की.”

दुपारी आम्ही घरोघर गेलो. मजजवळ आठ सूचनांचा छापील कागद होता. पहिल्या घरी मी खालच्या आवाजात ‘नमुना’, ‘संकलन’ असे शब्द वापरून सुरुवात केली. घरातली माणसे माझ्याकडे सहानुभूतीने पाहत राहिली. अखेर सुनंदाताईंनी कागद खाली करायला लावला.

“सर, असं कुजबुजला तर लोकास्नी वाटंल चोरीचा माल इकायला आलाय.” आणि मग अंगणातून, तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “लघवी धरायची हाय, लघवी! उद्या सकाळपास्नं परवा सकाळपतोर! थेंब सांडायचा न्हाय!”

त्यानंतर काम झपाट्याने झाले. शेवटचा डबा आप्पा चौगुल्यांच्या घरी दिला. आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, साठी उलटलेले गृहस्थ. दारात तीन म्हशी. दूध संस्थेत दोन्ही वेळा स्वतः दूध घालायला जाणार आणि यंत्रावर लागलेली फॅट, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचा आकडा, घरी येऊन मोठ्याने जाहीर करणार.

“सकाळची पहिली वेळ डब्यात धरायची नाही,” मी वाचले. “त्यानंतरची प्रत्येक वेळ धरायची.”

“म्हंजे पयल्या धारा सोडायच्या. म्हशीवाणीच की,” आप्पा म्हणाले. “आणि लिटर किती पायजे?”

“जितके होईल तितके.”

“आसं कसं? आकडा सांगा की राव.”

आकडा नाही, हे त्यांना पटलेले दिसले नाही. मग ते म्हणाले, “आमचा थोरला भाऊ लकव्यानं गेला. जेवताना ताटात मिठाचा खडा लागायचाच त्येला. ह्ये नवं मीठ असतं, तर वाचला असता?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. “अशाच प्रश्नांसाठी आलो आहे.”

“मग द्या डबा,” आप्पा म्हणाले.

कागदावरची सातवी सूचना मी त्या दिवशी एकाही घरात वाचली नाही. ‘डब्यात दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीचे मूत्र मिसळू नये,’ अशी ती होती. सभ्य माणसांच्या अंगणात उभे राहून असे काही सुचवणे मला अपमानास्पद वाटले. असे कोण करील?

बुधवारी दिवसभर गावात पांढरे डबे हिंडत होते. कोणी सायकलला अडकवून रानात निघालेला, कोणी देवळाच्या पायरीखाली ठेवून आत गेलेला. एक गृहस्थ हुपरीला लग्नाला गेले आणि डबा घरी विसरले, एक बाद. एका डब्याला रेडकाने लाथ घातली, दोन बाद. उरलेले दहा. मी दिवसभर बोटांवर मोजत होतो, आणि माझी बोटेही तेवढीच होती.

गुरुवारी सकाळी नऊ डबे मिळाले. प्रत्येकातले माप घेऊन, ढवळून, थोडासा अंश छोट्या नळीत काढून बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे, असे काम असते. ते उरकून आम्ही आप्पांच्या अंगणात आलो. तिथे शेजारपाजारची पंधरा-वीस माणसे आधीच जमली होती. आप्पांनी डबा दोन्ही हातांनी आणून माझ्यापुढे ठेवला. तो तीन लिटरच्या खुणेपर्यंत भरला होता.

“बगा,” आप्पा म्हणाले, “पाण्याचा थेंब न्हाय. गावात कुणाचा एवढा भरलाय का सांगा.”

मी त्यांचे कौतुक केले. खरोखरच कौतुक वाटले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी अक्काताई चहा घेऊन आल्या आणि मोकळेपणाने म्हणाल्या, “ह्यांचं एकट्याचं आर्धंबी होईना की! लांबनं आलेल्या पावण्याचा डबा आर्धा कसा परत द्यायचा? मग मी घातलो, (इकडे स्त्रियाही ‘आलो, गेलो’ असेच म्हणतात) थोरल्या पोरानं घातलं. सून तेवडी लाजली म्हणून ऱ्हायली.”

मी चहाची बशी खाली ठेवली. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही रीत आपल्याही घरी आहे. माझी आईसुद्धा शेजारणीची वाटी परत करताना चार दाणे साखरेचे का होईना, पण घालीत असे. तो विचार या डब्याच्या बाबतीत माझ्या मनात आला नव्हता. आणि ज्या कागदाच्या मनात आला होता, त्याचे ते वाक्य मी वाचले नव्हते.

नमुना बाद करावा, तर नऊ उरत होते. न करावा, तर अक्काताईंच्या बोलण्याचा अर्थ माझ्या आणि सुनंदाताईंच्याच ध्यानात आला होता, आणि सुनंदाताई चहाकडे पाहत होत्या. प्रयोगशाळेने संशय घेतलाच असता, हे मला आता सांगता येते. त्या क्षणी मला फक्त तक्त्यांचे टेबल दिसत होते. पण त्याबरोबर आप्पांचा थोरला भाऊही आठवत होता, ज्याचा प्रश्न घेऊन आपण आलो आहोत असे मीच सांगितले होते.

“आप्पा,” मी म्हणालो, “हा डबा चालणार नाही.”

अंगण शांत झाले. ग्रंथालयात इतकी शांतता मला कधी राखता आली नव्हती.

“काय म्हंता? माझं खोटं हाय?”

“खोटे नाही. जास्त आहे. आणि चूक माझी आहे. कागदावर एक सूचना होती, ती मी तुम्हांला वाचून दाखवली नाही.”

“मग वाचा की आता. मोठ्यानं वाचा, सगळ्यास्नी कळू दे.”

मी चष्मा लावला आणि पंधरा-वीस माणसांसमोर, आयुष्यात प्रथमच घसा मोकळा सोडून, सातवी सूचना वाचली. मग मागून कोणीतरी म्हणाले, “आप्पा, सुनंचं वाचलं बग!” आणि सगळे अंगण हसू लागले. आप्पा तेवढे हसले नाहीत.

“परत धरू म्हंता? आणि आर्धा डबा देऊ? आवो, गाव काय म्हणंल?”

मला उत्तर सुचले, ते पदविकेत शिकवलेले नव्हते. “आप्पा, तुमच्या दुधात शेजाऱ्याचे दूध ओतले, तर लिटर वाढतील. पण तुमच्या म्हशीची फॅट कळेल का?”

आप्पांनी माझ्याकडे, मग म्हशींकडे, मग डब्याकडे पाहिले.

“हात्तिच्या! मग ह्ये पयल्या दिवशीच सांगायचं की! आकडा आकडा काय करत बसलोय मी?” डबा उचलून ते गोठ्यामागे रिकामा करायला निघाले. वळून म्हणाले, “अक्के, आता कुणी हात लावायचा न्हाय ह्येला!”

त्या दिवसाची पहिली वेळ होऊन गेलीच होती, तेव्हा वेळ टिपून आम्ही लगेच सुरुवात केली. माझी दुपारची परतीची गाडी मी सोडली आणि बाकीच्या नऊ घरी जाऊन सातवी सूचना वाचून विचारले; तिथले डबे एकेकट्याचेच होते. आप्पा उसाच्या फडावर गेले, तर डबा बांधावर पोत्याखाली. आप्पा दूध संस्थेत गेले, तर डबा दुधाच्या किटलीच्या शेजारी नको म्हणून रांगेबाहेर माझ्या हातात. मी तो धरून रस्त्याच्या कडेला पाऊण तास उभा होतो. येणारा-जाणारा विचारीत होता, “आप्पाचं व्हय?” आणि मी प्रत्येकाला “होय” म्हणत होतो.

शुक्रवारी सकाळी आप्पांनी डबा पंचाखाली झाकून आणला. अर्ध्याच्याही खाली होता. पंचा बाजूला करताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

“एवडंच हाय. पण निव्वळ आपलं.”

मी माप घेतले, नळी भरली आणि तिच्यावर दहावा क्रमांक लिहिला. निघताना अक्काताईंनी पितळी झाकणाचा एक स्टीलचा डबा माझ्या पिशवीत कोंबला.

“त्यो आर्धाच दिला न्हवं आमी,” त्या म्हणाल्या. “ह्यो भरून दिलाय. न्हाय म्हणू नका.”

परतीच्या एसटीत तोच वाहक होता. त्याने मला नव्हे, पण दोरीतल्या डब्यांना ओळखले. “काय पावणं, डबं रिकामंच चालले? आणि पेटीत काय, आइस्क्रीम?”

“लघवी,” मी म्हणालो. आवाज बराच लागला असावा, कारण पुढच्या तीन बाकांवरच्या माना वळल्या. “दहा माणसांची. तपासायला नेतो आहे.”

वाहकाने तिकीट फाडून माझ्या हाती दिले आणि पेटीकडे बराच वेळ पाहिले. मग फक्त एवढेच विचारले, “झाकण बसलंय न्हवं?”

दुपारी दहाही नळ्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत पोहोचल्या आणि दहाही ग्राह्य ठरल्या. डॉक्टरीणबाईंनी दूरध्वनीवर “काका, छान,” एवढेच म्हटले आणि पुढच्या गावाचे नाव सांगितले.

घरी येऊन अक्काताईंचा डबा उघडला. काठोकाठ खर्डा होता, वर तेलाचा पातळ थर. त्यात मीठ किती असेल, हे मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत मला आता येते. मी ती वापरली नाही. खाताना पुन्हा डोळ्यांतून पाणी आले, पण या वेळी ‘तिखट लागले नाही’ म्हणून सांगायला समोर कोणी नव्हते.

आज तो डबा घासून, पुसून माझ्या टेबलावर ठेवला आहे. बुडाशी ‘आप्पासो चौगुले’ असे नाव कोरलेले आहे, तेव्हा तो परत करायला जावे लागणार, आणि रिकामा नेता येणार नाही. आयुष्यभर कोणाच्या घरी जायचे म्हटले की मी निमित्त शोधत असे. आता निमित्त समोरच बसले आहे. त्यात काय भरून न्यावे, हे अजून ठरलेले नाही. मात्र जे काही नेईन, ते निव्वळ माझे असेल, आणि डबा अर्धा राहिला तरी चालेल.