बुशवरची खाच

अण्णा, म्हणजे माझे वडील, काळेवाडीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. घरी आले की त्यांच्या कपड्यांना कूलंटचा, म्हणजे धातू कापताना त्यावर सोडतात त्या तेलकट पाण्याचा, वास यायचा आणि मी नाक मुरडायचे. आता चाकणच्या रस्त्याला एखाद्या शेडमधून तो वास आला, की माझी गाडी आपोआप हळू होते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी प्रयोगशाळेत विषाणूंचा जनुकीय क्रम वाचत होते. हा विषाणू आरएनएचा. स्वतःच्या नकला काढताना सारखा चुकतो. मोशीकडून आलेल्या नमुन्यांत मला एकच बदल वारंवार दिसला आणि मी हुरळून गेले. विषाणू माणसाला सरावलाय, जास्त पसरायला शिकलाय, असं अहवालात ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी तो वरिष्ठांकडे जायचा होता. जेवताना अण्णांना ऐटीत सांगितलं.

भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "ही माणसं कामाला कुठं हायेत?"

"ते कशाला?"

"आमच्या शॉपमधी ड्रॉइंग तेलानं माखलेलं असायचं. मग मागचा बुश, म्हंजी धातूची आखूड नळी, समोर ठेवायचा आन् तो बघून पुढचा करायचा. एकदा टूल घसरलं, बुशवर खाच पडली. दुसऱ्यानं तो बघून केला, त्यानंबी खाच पाडली. महिन्याभरात समद्या बुशांवर खाच. कंपनीचा इंजिनिअर आला, म्हणला, तेल आत जायला झकास सोय केलीत."

मी हसत सुटले. अण्णा हसले नाहीत.

"पहिली खाच माझी व्हती. त्यानं शाबासकी दिली, मी घेतली. आजवर कुणाला बोललो न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तुझा कागद अजून गेला न्हाई ना?"

सकाळी मी नमुने दिलेल्यांची यादी काढून कोण कुठं कामाला आहे ते पाहिलं. बहुतेक जण एकाच कंपनीच्या एकाच बसने जाणारे निघाले. एकाकडून बाकीच्यांना लागण झाली होती, आणि त्याच्या विषाणूतली चूक सगळ्यांकडे आयती पोचली होती. ती विषाणूच्या कामाची होती की नव्हती, हे त्यावरून सांगताच येत नव्हतं. मी ते वाक्य खोडलं.

"एवढं मोठं सापडलं होतं ना?" आमच्या वरिष्ठ मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, माझी घाई झाली," मी म्हटलं. लाज वाटली, आणि हलकंही वाटलं.

घरी अण्णांना सांगितलं. आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्यांनी माझ्या ताटात टाकली.

अण्णा आता नाहीत. शाबासक्या मला पुढे बऱ्याच मिळाल्या, पण त्या अर्ध्या भाकरीची सर एकीलाही नाही.